खेळ शिकवणाऱ्याचा वाटा

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की बिजौलीची औद्योगिक वसाहत लागते. उत्तर प्रदेश सरकारने 24 जानेवारी 2018 रोजी ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ही योजना सुरू केली. तीत मेरठच्या वाट्याला खेळाचे साहित्य आले आणि झाशीच्या वाट्याला मऊ कापडी खेळणी. म्हणजे बिजौलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या जिल्ह्यातच अस्वले आणि ससे शिवले जातात. पण याच कुटुंबाला ‘कॅटान’सारखा खेळ हवा असेल, चार जणांनी तास-दीड तास पटाभोवती बसून खेळायचा, नियमपुस्तिका वाचून समजून घ्यायचा, तर मार्ग तीनच उरतात. झाशीच्या सदर बाजारात, सिपरी बाजारात किंवा माणिक चौकात जाऊन खेळण्यांच्या दुकानात विचारायचे, मोबाइलवरून मागवायचे, नाहीतर दिल्ली-मुंबईच्या एखाद्या मेळाव्याला जाऊन तिथून आणायचे. या तिन्हींत निवड कशी करायची? जिथे स्वस्त तिथे घ्यावे, हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असते आणि ते अगदीच चुकीचे आहे असेही नाही. मात्र त्या हिशेबातून खेळाच्या किमतीचा एक मोठा भाग सुटतो, तो म्हणजे खेळ शिकवण्याची मेहनत. माझे म्हणणे असे की, ज्याने आपल्याला खेळ शिकवला त्याच्याकडून तो विकत घ्यावा. कोणीच शिकवला नसेल तर सोयीचे आणि स्वस्त पडेल तिथून खुशाल घ्यावा. या म्हणण्यामागे भावना आहेच, पण त्याहून अधिक अर्थकारण आहे.

आधी वस्तू-वस्तूंतला फरक पाहू. झाशीत शिवलेले कापडी अस्वल हातात आले की मुलाला ते कसे खेळायचे हे सांगावे लागत नाही. कापूस नीट भरला आहे का, शिवण उसवणार नाही ना, डोळ्यांची बटणे पक्की आहेत का, एवढे पाहिले की खरेदीचा विचार संपतो. असे खेळणे दुकानातून आणले काय किंवा ऑनलाइन मागवले काय, खेळण्यात काही कमी-जास्त होत नाही. कॅरमबोर्डाचे तसे नाही. त्याचा खेळायचा पृष्ठभाग जेमतेम 74 सेंटिमीटर चौरस असतो, आणि तो सपाट आहे की नाही, चौकटीवर आपटून स्ट्रायकर किती जोमाने परततो, खिशांच्या कडा गुळगुळीत आहेत का, हे पावडर टाकून दोन फटके मारल्याशिवाय कळत नाही. मुंबईत धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या दुकानांत लोक बोर्ड आडवा ठेवून पाहतात तो त्यासाठीच. शिवाय एवढी रुंद, चपटी, जड वस्तू कुरिअरच्या गाडीत उभी-आडवी होत आली तर तिचा कोपरा दबण्याची भीती राहतेच. म्हणून कॅरमबोर्ड जवळच्या दुकानातून घ्यावा, हे कुणीही मान्य करील. तिसरा प्रकार आपल्या विषयाचा आहे: छंद म्हणून खेळले जाणारे, नवनवे निघणारे बोर्ड गेम. त्यांची गुणवत्ता डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला लागतही नाही. पुठ्ठा, पत्ते, लाकडी ठोकळे हे सगळे ठाकठीक असूनही खेळ आपल्या घराला मुळीच न रुचण्याची शक्यता असते. तो खेळून पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि खेळून पाहायचा तर आधी कुणीतरी शिकवावा लागतो.

आपल्याकडे हा शिकवण्याचा खर्च कधी कुणाच्या डोळ्यांत भरला नाही, कारण तो घराने उचलला होता. सारीपाटाच्या सोंगट्या कशा चालवायच्या, पत्त्यांत हुकूम कसा बोलायचा, बुद्धिबळात घोडा अडीच घरे कसा जातो, हे आजी, मामा, थोरला भाऊ यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवले. ‘नवा व्यापार’ घरी आला तेव्हाही नियमांचा कागद फारसा कुणी वाचला नसेल. शेजारच्या घरी तो खेळला जातच होता. त्या खेळाचा मूळपुरुष म्हणावा असा ‘मोनोपॉली’ याच वाटेने वाढला. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट 1904 साली घेतले. पुढची तीस वर्षे लोकांनी हाताने पट रंगवले, एकमेकांना शिकवले, आपापल्या गावाच्या रस्त्यांची नावे त्यात घातली. पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो खेळ ‘मोनोपॉली’ म्हणून विकायला काढला तो 1935 साली. म्हणजे खेळ आधी शिकवण्यातून पसरला आणि मग डब्यात भरून विकला गेला. नव्या छंदखेळांच्या बाबतीत घराची ही मदत मिळत नाही. आजीला तो खेळ माहीत नाही, मामाने नाव ऐकलेले नाही, आणि नियमपुस्तिका बहुतेक वेळा इंग्रजीत असते. झाशीतल्या मराठी घरात आईवडील आपसात मराठी बोलतात, मुले बाहेर हिंदीत खेळतात, आणि हातात इंग्रजी पुस्तिका येते. तिथे पहिला डाव उभा राहणे हेच मोठे काम असते. हे काम जो करतो, त्याने खेळाच्या किमतीत भर घातलेली असते.

शिकवणारे संपले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच, सावंतवाडीत आहे. तिथली दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. खेळणारे बहुधा तिघे. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमके उलट. दिवसा डाव सुरू झाला तर उतरण्याचा मान रामाच्या रंगाला, रात्री सुरू झाला तर कृष्णाच्या. कोणती पाने खाली पडली हे लक्षात ठेवण्याची कसोटी पाहणारा असा हा खेळ आहे. तो रंगवण्याची कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोपण्याच्या बेतात होती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. स्वतः ती शिकून घेतली आणि कारागिरांना काम दिले. मोती तलावाच्या काठी राजवाड्याच्या दरबारात पत्ते रंगवणारे कारागीर आजही बसलेले दिसतात आणि संच तिथेच विकत मिळतो. हे काम थोर आहे, यात शंका नाही. पण त्या पत्त्यांचे बहुतेक संच आज भेट म्हणून दिले जातात, चौकटीत बसवले जातात, कपाटात ठेवले जातात. डाव मांडणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी राहिली. वस्तू वाचली, विक्रीची जागा वाचली, मागणीही आहे. शिकवणाऱ्यांची साखळी मात्र तुटली आणि तिच्याबरोबर खेळ गेला. खेळाचा डबा घरोघर पोहोचला म्हणजे खेळ पोहोचला, असे समजणाऱ्याने या 120 पत्त्यांकडे पाहावे. याच महाराष्ट्रात सांगलीने दुसरी बाजू दाखवली. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवले, आणि भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारखी खेळाडू त्या गावातून पुढे आली. पट आणि मोहरी कुठल्याही गावात मिळतात. सांगलीत त्यांच्यापुढे बसून शिकवणारा माणूस होता.

आता या मेहनतीचा मोबदला कुणी द्यायचा? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ लेस्टर टेल्सर यांनी 1960 साली ‘जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स’मध्ये एक लेख लिहून या प्रश्नाची नेमकी मांडणी केली. काही वस्तू अशा असतात की त्या विकण्यापूर्वी समजावून सांगाव्या लागतात. समजावून सांगणाऱ्या दुकानदाराला जागा, वेळ, माणूस आणि उघडलेला एक संच, असा खर्च येतो. शेजारचा दुसरा दुकानदार यातले काही करत नाही, म्हणून तो तीच वस्तू कमी दरात देऊ शकतो. गिऱ्हाईक पहिल्याकडे शिकते आणि दुसऱ्याकडे घेते. काही दिवसांनी पहिला शहाणा होतो आणि समजावून सांगणे बंद करतो. मग त्या वस्तूची मागणीच घटते, आणि दुसऱ्याचाही तोटा होतो. टेल्सर यांच्या काळात दुसरा दुकानदार निदान त्याच गावात असे. आज तो बंगळूर किंवा भिवंडीच्या गोदामात असतो आणि दुकानात खेळ समजावून घेणारे गिऱ्हाईक तिथल्या तिथे मोबाइल काढून त्याचा दर पाहू शकते. बोर्ड गेमला हे विवेचन विशेष लागू पडते, कारण फ्रिज किंवा टीव्ही दहा मिनिटांत दाखवता येतो, खेळाचा एक डाव मात्र दुकानाचे टेबल तासभर अडवतो.

हा केवळ कागदावरचा तर्क असता तर मी त्याला एवढे महत्त्व दिले नसते. पण पैसा मोजून पावले टाकणाऱ्या कंपन्यांनीही तेच ओळखले. रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ 1993 साली आला. तो विकणाऱ्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने दुकानांत शुक्रवारच्या संध्याकाळी स्पर्धा भरवण्याची पद्धत 2000 पासून रूढ केली. आपल्या जाळ्यातल्या दुकानांना बक्षिसाचे पत्ते, आणि नवा संच बाजारात येण्यापूर्वीच तो खेळवण्याचा मान, हे सगळे कंपनी पुरवते. ऑनलाइन विक्री हाताशी असताना ती छोट्या दुकानांवर हा खर्च का करते? कारण त्या संध्याकाळी टेबलावर बसलेला मुलगा पुढच्या महिन्यात पत्ते विकत घेतो, आणि घरी एकट्याने पाकीट उघडणारा लवकरच कंटाळतो. ब्रिटनमधल्या ‘गेम्स वर्कशॉप’ने तर जगभर स्वतःची पाचशेहून अधिक दुकाने उघडली. तिथला माणूस नवख्याला बसवून पहिली लढाई खेळवतो, पहिली सैनिकमूर्ती रंगवायला शिकवतो. ‘अस्मोडी’ या मोठ्या प्रकाशक कंपनीच्या उत्तर अमेरिकी शाखेने 2016 मध्ये आपल्या सवलतीच्या दराचा माल प्रत्यक्ष दुकानातच विकला जावा, इंटरनेटवरून नव्हे, अशी अट छंदखेळांच्या दुकानांना घातली. या अटीवर अमेरिकेत बरीच टीका झाली आणि तिच्यात तथ्यही होते. पण शिकवणाऱ्या दुकानाला सांभाळले नाही तर आपलाच खप मारला जाईल, ही भीती त्या कंपनीला खरी वाटली होती.

सर्वांत मोठा आक्षेप किमतीचा आहे, आणि मध्यमवर्गीय घराच्या बाबतीत तो हलक्याने घेता येत नाही. चांगला परदेशी खेळ हजारांत जातो. त्यावर ऑनलाइन भरघोस सूट मिळत असेल तर ती सोडून द्या, असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण सूट कशावर मोजली जाते हे पाहावे. भारतात पाकीटबंद वस्तूवर छापील किंमत असते आणि त्याहून जास्त दराने विकता येत नाही. कमी किती घ्यावे याला मात्र बंधन नाही, आणि मुळात ती किंमत किती छापावी हे आयातदार ठरवतो. चढी किंमत छापून मोठी सूट दाखवणे त्यामुळे अवघड नसते. म्हणून टक्क्यांकडे न पाहता दोन ठिकाणच्या प्रत्यक्ष रकमांची तुलना करावी. बऱ्याचदा फरक वाटतो तेवढा निघत नाही. करात तर दोघांना सारखीच वागणूक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून पत्ते, बुद्धिबळ, कॅरम आणि इतर बोर्ड गेमवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तो झाशीच्या दुकानालाही लागू आहे आणि संकेतस्थळावरच्या विक्रेत्यालाही. आयातीचे चित्र वेगळे आहे. खेळणी, लहान प्रतिकृती आणि जिगसॉ कोडी ज्या शीर्षकाखाली येतात, त्यावरचे सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण पाच-पन्नास नग आणणाऱ्या छोट्या आयातदाराला ही कागदपत्रे पेलत नाहीत. बडा विक्रेता टिकतो, छोट्याच्या फळीवर निवड कमी होते, आणि ‘दुकानात काही मिळतच नाही’ असे म्हणत गिऱ्हाईक ऑनलाइनकडे वळते.

स्वस्ताईची आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे नकली माल. लोकप्रिय खेळांच्या हुबेहूब प्रती जगभरच्या ऑनलाइन बाजारात येतात. पत्ते पातळ, छपाई अंधुक, ठोकळ्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले. एकाच संकेतस्थळावर अनेक विक्रेते असतात आणि अस्सल-नकली एकाच चित्राखाली विकले जातात. 1 जानेवारी 2018 पासून छापील किंमत आणि उत्पादकाचा तपशील ऑनलाइन दाखवणे बंधनकारक झाले, आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देश व विक्रेत्याची माहिती देणेही. ती वाचायची सवय लावली तर फसवणूक पुष्कळ टळते. मूळ प्रकाशकाचे नाव नसेल आणि दर निम्म्याहून खाली असेल तर तो खेळ घेऊ नये, एवढे मी ठामपणे सांगतो.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. तुम्ही ज्या शिकवणाऱ्या दुकानदाराबद्दल बोलता तो आहे कुठे? खेळण्यांच्या सर्वसाधारण दुकानात विचारले तर फळीवरचा डबा काढून दिला जातो, तो कसा खेळायचा हे विक्रेत्याला ठाऊक नसते, आणि सील तोडून दाखवा म्हटले तर तो नाराज होतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी नियम दुकानाच्या नावाने केला नाही, शिकवण्याच्या नावाने केला. ज्या दुकानाने केवळ डबा पुढे सरकवला त्याचे आपण काहीही देणे लागत नाही. जवळचे म्हणून, आपल्या गावातले म्हणून त्याला जास्त पैसे देणे हा दानधर्म झाला; तो करायचा तर जरूर करावा, पण त्याला व्यवहार म्हणू नये. त्याचबरोबर हेही मान्य करायला हवे की आज शिकवणारे इंटरनेटवरही आहेत. कॅनडातले रॉडनी स्मिथ ‘वॉच इट प्लेड’ या नावाने खेळांचे नियम चित्रफितींतून समजावतात, आणि त्यांचे शिकवणे अनेक दुकानदारांहून सरस असते. 2010 साली सुरू झालेल्या ‘बोर्ड गेम अरीना’वर शेकडो खेळ विकत न घेता खेळून पाहता येतात, 2021 मध्ये ‘अस्मोडी’नेच ते विकत घेतले. चित्रफितीतून खेळ कळला आणि ऑनलाइन मागवला, तर त्यात कुणावरही अन्याय नाही. बिजौलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला हे वरदान आहे आणि त्याने त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा.

तरीही चित्रफितीला एक काम जमत नाही: ती सोबत खेळणारी माणसे गोळा करीत नाही. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्याची खरी अडचण खेळ मिळण्याची राहिलेली नाही. चौथा गडी मिळण्याची आहे. डबा पाच दिवसांत दारात येतो आणि मग वर्षभर माळ्यावर पडून राहतो, कारण तिघे जमले तर नियम कुणालाच येत नाहीत आणि नियम येणारा एकटाच असतो. ज्या दुकानात आठवड्यातून एक दिवस टेबल मांडले जाते, तिथे डब्याबरोबर ओळखीही मिळतात. मुंबई-पुण्यातल्या बोर्ड गेम कॅफेंनी ही गोष्ट पकडली आहे: तासाचे पैसे घ्यायचे, शिकवायला माणूस ठेवायचा, फळीवर शेकडो खेळ ठेवायचे, आणि ज्याला आवडला त्याला विकायचा.

मेळाव्याचे गणित या दोन्हींहून निराळे आहे. जर्मनीतल्या एसेन शहरात 1983 पासून ‘श्पील’ हा मेळा भरतो. 2019 साली तिथे दोन लाखांवर माणसे आली. तिथे प्रकाशक स्वतः टेबलापाशी उभा राहून शिकवतो, आणि डाव संपला की त्याच टेबलावरून डबा विकतो. शिकवणारा आणि विकणारा एकच असल्यामुळे टेल्सर यांनी सांगितलेला पेच तिथे जवळजवळ उद्‌भवतच नाही. मधल्या वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटाही प्रकाशकाकडेच राहतो, आणि छोट्या कर्त्यांसाठी हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. आपल्याकडेही हे सुरू झाले आहे. मुंबईत ‘मीपलकॉन’ भरते. राजकारणावरचा ‘शासन’ हा झैन मेमन यांचा खेळ 2019 साली ‘किकस्टार्टर’वर लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन उभा राहिला. भारतीय कर्त्याकडून समोरासमोर शिकून खेळ घेण्याची संधी मिळत असेल तर ती दवडू नये, तिथे सूटही मागू नये. आक्षेप आहे तो प्रवासखर्चाचा. झाशीहून पंजाब मेल थेट मुंबईला जाते. तिकीट, राहणे, खाणे यांचा खर्च धरला तर एका डब्यापायी ही यात्रा परवडत नाही. म्हणून मेळाव्याला खरेदीसाठी जाऊ नये, शिकण्यासाठी जावे. दोन दिवसांत जितके खेळ खेळून पाहता येतील तितके पाहावेत, आणि घरी परतून आपण स्वतः इतरांना शिकवू शकू असे एक-दोनच घ्यावेत. मेळ्याच्या उत्साहात घेतलेल्या थप्पीतले निम्मे खेळ उघडले जात नाहीत, कारण तिथला शिकवणारा आपल्यासोबत गाडीत बसत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे गिऱ्हाइकाच्या सद्‌सद्विवेकावर सोडले तर टिकणार नाही. बरोबर आहे. टेल्सर यांचा उपाय होता की कंपनीनेच किमान विक्रीदर ठरवून द्यावा, म्हणजे न शिकवणाऱ्याला दर पाडता येणार नाही. भारतात ही वाट अडचणीची आहे, आणि मला वाटते असावीच. 2002 च्या स्पर्धा कायद्यात अशा दरबंधनाची तपासणी होते. विक्रेत्यांना जादा सूट देण्यापासून रोखल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. सूट रोखली की शिकवणाऱ्याचे रक्षण होईलच असे नाही. न शिकवणाराही तोच चढा दर घेत बसेल. याहून स्वच्छ उपाय म्हणजे शिकवण्याचे पैसे वेगळे आणि उघड घेणे. दुकानदाराने टेबलाचे शुल्क सांगावे, आणि तिथेच खेळ घेतला तर ते किमतीतून वळते करावे. मग जो फक्त शिकून जातो तो शिकल्याचे पैसे देऊन जातो, कुणाचे ऋण राहत नाही, आणि ऑनलाइन घेणाऱ्यालाही चोरट्यासारखे वाटत नाही. आपल्याकडे शिकवणीला पैसे मोजण्याची सवय पेटीपासून गणितापर्यंत सगळीकडे आहे. खेळाला ती लागू करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

बिजौलीच्या वाचकाला आज असे टेबल झाशीत सापडेल असे गृहीत धरता येत नाही. पण ते उभे करायला लागणारी सामग्री तिथे आहे. मुंबईला मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत झाशी विभाग 2003 पर्यंत होता. नेवाळकरांच्या काळापासूनची आणि पुढे रेल्वेमुळे आलेली मराठी घरे तिथे आहेत. ज्या गणेश मंदिरात 1842 साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते आजही शहरात उभे आहे. मराठी माणूस जिथे गणपती बसवतो तिथे कॅरमच्या आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवतो, ही आपली जुनी रीत. त्या दहा दिवसांत कॅरमच्या शेजारी एक नवा खेळ मांडावा, ज्याने तो ऑनलाइन मागवला आहे त्याने शिकवावा. चार-पाच घरांना तो हवासा वाटला की मागणी एकत्र करून सदर बाजारातल्या एखाद्या स्टेशनरीच्या किंवा खेळण्यांच्या दुकानदाराकडे आगाऊ नोंदवावी. एक नग मागवायला तो तयार होत नाही. पाच नगांची आगाऊ रक्कम हातात असेल तर घाऊक विक्रेत्याशी बोलायला त्याला हुरूप येतो, आणि माल पडून राहण्याचा धोकाही त्याच्यावर येत नाही. त्याच वेळी त्याला विचारावे: महिन्यातून एका रविवारी दुपारी दुकानातले एक टेबल शुल्क घेऊन द्याल का, शिकवायला आम्ही येतो. त्याने होकार दिला तर पुढचे खेळ त्याच्याकडून घ्या, पाच-दहा टक्के जास्त पडले तरी. नकार दिला तर मोबाइलवरून मागवत राहा; पण आलेला प्रत्येक खेळ वर्षभरात निदान एका नव्या घराला शिकवा.